ऑक्टाव्हिया आरएसला कोणता ऑइल फिल्टर? आधी आटे, मग रबर, मग सांडवा, उंची शेवटी

भाऊ, तुमचं म्हणणं मला असं समजलं. वणीजवळच्या गावात तुमची कपाशी-सोयाबीनची शेती आहे आणि मागच्या वर्षी पुण्याहून हौसेने आणलेली २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस आहे. दिवाळीनंतर ऑइल बदलायला घेतलं तेव्हा कंपनीचा फिल्टर जवळपास कुठे मिळाला नाही. दुकानदाराने दुसऱ्याच एका पेट्रोल गाडीचा थोडा आखूड फिल्टर हातात दिला आणि सांगितलं, "आटे बसले ना, मग झालं." सोबत २०डब्ल्यू-५० ऑइल. तेव्हापासून रोज सकाळी गाडी चालू केली की चार-पाच सेकंद टॅपेट (व्हॉल्व्ह ढकलणारे इंजिनाच्या वरच्या भागातले भाग) टकटक वाजतात. आता तुमच्या ट्रॅक्टरचा मिस्त्री म्हणतो, मोठा डबा लावा, जास्त गाळेल. मित्र म्हणतो, 'रेसिंग' लिहिलेला मागवा. आणि तुम्ही विचारता, नेमका साइज कोणता?

उत्तर पहिले देऊन टाकतो. तुमच्या १७८१ सीसी टर्बो इंजिनाला लागतो तो फिल्टर असा: आटे पाऊण इंची, इंचाला १६, रबर रिंग बाहेरून ७१ मिमी आणि आतून ६२, डबा ७६ मिमी रुंद आणि साधारण १२० मिमी उंच, बायपास व्हॉल्व्ह २.५ बार दाबाला उघडणारा. फोक्सवॅगन गटाचा पार्ट नंबर ०६ए ११५ ५६१ बी. मान कंपनीचा डब्ल्यू ७१९/३० हा त्याच मापाचा. नागपुरातून मागवा, दोन दिवस गाडी उभी ठेवा, पण हाच लावा. ऑइल ५डब्ल्यू-४० सिंथेटिक, डब्यावर व्हीडब्ल्यू ५०२.०० लिहिलेलं पाहून.

एवढ्यावर थांबलो असतो, पण तुम्ही 'का' असंही विचारलं आहे. त्या 'का'साठीच हे लांबलचक लिहितो आहे. मी हिंगणघाटला एकतीस वर्षं गॅरेज चालवतो. सुरुवात ट्रॅक्टर आणि जीपपासून केली, आता निम्म्या गाड्या टर्बो पेट्रोलच्या येतात. फिल्टरच्या चुकीने गेलेली इंजिनं मी स्वतः उघडली आहेत, आणि त्यातलं एक माझ्याच हाताने गेलं.

लोक साइज म्हटलं की डब्याची उंची-रुंदी पाहतात. खरं म्हणजे फिल्टरची चार मापं असतात आणि डोळ्यांना दिसणारं माप त्यात सगळ्यात कमी महत्त्वाचं. आधी आटे. त्यानंतर रबर रिंगचा व्यास. त्यानंतर आतला बायपास कितीला उघडतो ते. या तिन्ही जुळल्या की मग डबा किती उंच चालेल ते बघायचं.

आट्यांपासून सुरू करतो, कारण माझी चूक तिथलीच. होंडा, मारुती सुझुकी, मित्सुबिशी, माझदा यांच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना २० मिमीचा स्टड, म्हणजे फिल्टर ज्यावर फिरवून चढवतात तो आट्यांचा खुंटा, असतो, दीड मिमीचा आटा. फोक्सवॅगन-स्कोडाच्या, अख्खा डबा फिरवून बसवायच्या फिल्टरला आणि टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांना पाऊण इंची, म्हणजे १९.०५ मिमी. दोन्ही फिल्टर दुकानाच्या फळीवर शेजारी शेजारी ठेवले तर भोकातला फरक चांगल्या मिस्त्रीलाही ओळखू येत नाही. पाऊण इंची फिल्टर २० मिमीच्या स्टडवर चढतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. उलटी चूक मात्र भयंकर आहे. २० मिमीचा फिल्टर पाऊण इंची स्टडवर आरामात चढतो, रबर टेकतं, हाताला घट्टही लागतो.

गणित करून पाहा. २० मिमीच्या फिल्टरच्या भोकाचा आतला व्यास साधारण १८.४ मिमी. त्यात १९.०५ चा स्टड गेला, म्हणजे प्रत्येक बाजूने आटा धरला फक्त पाव ते तिसरा हिस्सा मिलिमीटर. योग्य फिल्टरमध्ये हीच पकड पाऊण मिलिमीटरच्या वर असते. त्यात आट्याचं अंतरही वेगळं, एकाचं १.५ मिमी, दुसऱ्याचं १.५९. म्हणजे जे दोन-चार आटे धरतात तेसुद्धा कडेवर.

आता त्या डब्यावर जोर किती येतो ते बघा. थंड इंजिन चालू करून लगेच रेस केलं की ऑइलचा दाब ६ बारपर्यंत सहज जातो. रबर रिंगच्या मधोमध व्यास धरला तर आतलं क्षेत्रफळ सुमारे ३४ चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला तर डब्याला खाली ढकलणारा जोर दोनशे किलोच्या वर येतो. दोन क्विंटल कापूस त्या तिसऱ्या हिश्श्याच्या आट्यांवर लटकला आहे असं समजा.

१९९८ सालचा उन्हाळा होता. पाऊण इंची स्टडची एक जुनी पेट्रोल गाडी माझ्याकडे ऑइल बदलायला आली, लग्नाचं वऱ्हाड घेऊन नागपूरला जायची होती. फिल्टरच्या खोक्यावर गाडीचं नाव बरोबर छापलेलं होतं. चढवताना मला तो थोडा सैल वाटला. शेवटच्या वळशापर्यंत तो डुलत होता आणि मी म्हटलं, रबर टेकलं की बसेल. रबर टेकलं, बसला. जाम गावाच्या अलीकडे तो सुटून पडला. चालकाला आधी धूर दिसला, मग लाल दिवा; तोवर सगळं ऑइल रस्त्यावर होतं. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, बेअरिंगचे शेल वितळून चिकटले. नवरदेवाचे वडील ट्रकने पुढे गेले. त्या इंजिनाचा खर्च मी केला आणि तो करायलाच हवा होता, कारण हाताने सांगितलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवसापासून माझ्या गॅरेजात व्हर्नियर आणि आटे मोजायचा गेज फिल्टरच्या फळीलाच टांगलेला आहे. खोक्यावर काहीही छापलेलं असो, नव्या कंपनीचा पहिला फिल्टर मोजल्याशिवाय चढत नाही. तुम्ही एवढंच करा: फिल्टर रबर टेकेपर्यंत चढवताना डुलता कामा नये. डुलला तर काढा.

रबर रिंगचं माप त्यामानाने सोपं. छोट्या जपानी गाड्यांच्या फिल्टरचं रबर ६५ मिमीच्या आतबाहेर असतं, तुमच्या गाडीचं ७१. आटे एक असूनही रबर लहान असलं तर ते, फिल्टर ज्याला लागतो त्या ऑइल कूलरच्या तोंडावरच्या सपाट पट्टीवर पूर्ण बसत नाही, अर्धं खोबणीत जातं. सुरुवातीला थेंब थेंब गळतं, मग एक दिवस रबरच बाहेर फेकलं जातं. जुना फिल्टर काढला की नवा त्याच्या तोंडाला तोंड लावून बघा. दोन्ही रबरं एकमेकांवर बरोबर बसली पाहिजेत.

आता बायपास. हेच ते माप जे खोक्यावर बहुधा छापलेलं नसतं, आणि स्पोर्ट्स इंजिनात सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो.

तुम्ही शेतकरी आहात, म्हणून ठिबकवरून सांगतो. ठिबकच्या हेडला फिल्टर असतो आणि त्याच्या आधी एक, नंतर एक असे दोन प्रेशर गेज. फिल्टर स्वच्छ असला की दोन्ही काटे जवळजवळ सारखे. जाळीत शेवाळ-गाळ भरला की पुढचा काटा खाली येतो आणि मधला फरक वाढतो. मग तुम्ही बॅकफ्लश करता. इंजिनाच्या फिल्टरलाही अगदी असाच फरक पडतो, फक्त तिथे तुम्हाला दोन काटे दिसत नाहीत. ऑइल जितकं घट्ट, पंप जितका वेगात, फिल्टरमधला गाळणारा कागद जितका भरलेला, तितका फरक जास्त.

ठिबकमध्ये फिल्टर तुंबला तर पिकाला पाणी कमी जातं, दोन दिवस चालतं. इंजिनात ऑइल एका मिनिटालाही कमी पडून चालत नाही. म्हणून फिल्टरमध्ये सांडवा ठेवलेला असतो. शेततळं भरलं की पाणी बांध फोडू नये म्हणून आपण एका बाजूला सांडवा काढतो, तसाच हा स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह. कागदाच्या दोन बाजूंमधला फरक ठरलेल्या दाबाच्या वर गेला की तो उघडतो आणि ऑइल न गाळता थेट इंजिनात जातं. घाण गेली तरी चालेल, कोरडं पडता कामा नये, असा त्यामागचा हिशोब.

तर या सांडव्याची उंची किती ठेवायची हे इंजिन बनवणारा ठरवतो. पंप किती ऑइल फेकतो, कागद कसा आहे, थंडीत ऑइल किती घट्ट होतं, हे सगळं पाहून. छोट्या गाड्यांचे बरेच फिल्टर १ बारच्या आसपास उघडतात. सुबारूच्या इंजिनांना त्याहून चढा लागतो, दीड बारच्या वर, कारण त्यांचा पंप मोठा. तुमच्या इंजिनाला २.५. तुम्हाला दिलेल्या आखूड फिल्टरचे आटे जुळले, रबर जुळलं, पण सांडवा बहुधा निम्म्याहून खाली आहे. त्याने इंजिन उद्या बंद पडणार नाही. पण सकाळी थंड ऑइलवर गाडी गावाबाहेर काढली, चौथ्या गिअरला जाताना चार हजारांवर नेली, की सांडवा उघडतो. फिल्टर दोन-तीन हजार किलोमीटर चालून भरला की आणखी लवकर उघडतो. दर वेळी काही सेकंद ऑइल न गाळता जातं आणि त्यातलं काही टर्बोत जातं. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो कुठल्या बॉल बेअरिंगवर नाही, नुसत्या ऑइलच्या पातळ पापुद्र्यावर तरंगत असतो. तिथे कण गेला की ओरखडा, ओरखड्याने दांडा हलका डुलायला लागतो, आणि वर्षा-दोन वर्षांनी निळा धूर. टर्बो गेला म्हणून लोक टर्बोला दोष देतात.

त्यात २०डब्ल्यू-५० घातल्याने तुम्ही ही अडचण दुप्पट केली. जुन्या डिझेल जीपला ते ऑइल देवासारखं आहे, मी स्वतः घालतो. पण ४० अंशाला ते ५डब्ल्यू-४० च्या जवळजवळ दुप्पट घट्ट असतं. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४६-४७ ला जातो म्हणून घट्ट ऑइल हवं, असं बरेच जण समजतात. गरम झालेल्या इंजिनाला बाहेरची हवा ३० आहे की ४६, याचा फरक तेवढा पडत नाही, कारण ऑइल स्वतःच ९०-१०० अंशांना असतं आणि थर्मोस्टॅट, कूलर त्याला सांभाळतात. जानेवारीतल्या पहाटे दहा अंशाला गाडी काढताना मात्र घट्ट ऑइलचा फटका रोज बसतो, आणि तो फिल्टरच्या कागदावर बसतो.

ट्रॅक्टरच्या मिस्त्रीचं म्हणणं पूर्ण चूक नाही, म्हणून त्याला नीट उत्तर दिलं पाहिजे. मोठ्या डब्यात कागद जास्त मावतो. कागद जास्त म्हणजे घाण धरायची जागा जास्त आणि तेवढ्याच ऑइलसाठी दाबाचा फरक कमी. हे खरं आहे. आणि तुमच्याच इंजिनाच्या घराण्यात मोठ्या फिल्टरचा खरा दाखला आहे. हेच १.८ टर्बो इंजिन ऑडी ए४ आणि पसाटमध्ये लांबट, म्हणजे पुढून मागे, बसवलेलं होतं. त्या मांडणीत चेंबर, म्हणजे इंजिनाच्या बुडाचा ऑइल साठवायचा डबा, लहान, पावणेचार लिटरच्या आसपास ऑइल, आणि टर्बोची उष्णता मोठी. ऑइल भाजून गाळ धरायला लागलं. चेंबरातली पंपाची जाळी त्या गाळाने तुंबायची आणि इंजिनं जायची. शेवटी २००४ साली फोक्सवॅगनने अमेरिकेत त्या गाड्यांसाठी गाळाविरुद्धची हमी ८ वर्षांपर्यंत वाढवली, सिंथेटिक ऑइलचा आग्रह धरला आणि त्या इंजिनांना मोठ्या डब्याचा फिल्टर लावायला सांगितलं. पण तो मोठा फिल्टर त्याच आट्यांचा, त्याच तोंडाचा होता आणि त्याच कारखान्याने तपासून दिलेला होता. तुमच्या ऑक्टाव्हियात इंजिन आडवं आहे, चेंबरात साडेचार लिटरच्या आसपास ऑइल मावतं, आणि १२० मिमी उंचीचा डबा तसाही छोटा नाही.

ट्रॅक्टरचा फिल्टर याहून वेगळी गोष्ट आहे. ट्रॅक्टरचं इंजिन दोन-सव्वादोन हजार आरपीएमला दिवसभर एका लयीत चालतं. तुमचं साडेसहा हजारांपर्यंत जातं. ऑइल पंप इंजिनासोबतच फिरतो, म्हणजे इंजिनाचा वेग तिप्पट तर पंपाचाही वेग वाढतो. ट्रॅक्टरच्या फिल्टरमधला कागद, त्याचा सांडवा, त्याच्या डब्याची जाडी, सगळं त्या संथ कामासाठी बेतलेलं. आटे योगायोगाने जुळले तरी बाकीचं जुळेल असं समजू नका.

आणि मोठा डबा खाली लोंबतो. तुमचा फिल्टर इंजिनाच्या पुढच्या बाजूला, तोंड वर आणि बूड खाली असा टांगलेला असतो. आरएस आधीच खाली बसलेली गाडी. पांदण रस्त्यावर, पावसाळ्यात चाकोरीतून उघडी पडलेली दगडं, गावाच्या तोंडाशी घरच्या घरी घातलेले स्पीडब्रेकर. चेंबर अॅल्युमिनियमचं असेल तर ते दगडाने वाकत नाही, थेट तडकतं. म्हणून फिल्टरपेक्षा आधी खालचं संरक्षक पान शाबूत आहे का ते बघा. बरेच जण ऑइल बदलताना ते काढून ठेवतात आणि परत लावत नाहीत.

मोठा फिल्टर लावून ऑइल प्रेशर वाढतं, असं कोणी सांगितलं तर ऐकू नका. प्रेशर पंप आणि बेअरिंगमधली फट ठरवते आणि वरची मर्यादा पंपातला रिलीफ व्हॉल्व्ह. गरम इंजिनाला रिकाम्या गिअरमध्ये ऑइलचा दिवा लुकलुकत असेल तर फिल्टर बदलत बसण्यापेक्षा चेंबर उतरवून जाळी बघा. गॅरेजातला जुना हिशोब असा की दर हजार आरपीएमला दहा पीएसआय, म्हणजे सुमारे ०.७ बार, असावं. बाहेरून गेज लावून मोजा, गाडीतल्या दिव्यावर विश्वास ठेवू नका.

'रेसिंग' फिल्टरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. त्या डब्याची भिंत जाड असते, फुटायचा दाब जास्त असतो, आणि ऑइल मोकळं वाहावं म्हणून बऱ्याचदा आतला कागद भरड असतो. दोन-चार शर्यतींनंतर उघडून बेअरिंग बदलायच्या इंजिनाला ते योग्य आहे. तुमची गाडी घुग्घुसच्या रस्त्याने कोळशाच्या ट्रकांमागून जाणार, मार्चमध्ये तुरीचा भुसा उडताना चालणार आणि इंजिन दीड लाख किलोमीटर टिकावं अशी तुमची इच्छा आहे. तुम्हाला भरड गाळणी नको.

गाळणीचा बारकावा मायक्रॉनमध्ये सांगतात. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन, क्रँकच्या बेअरिंगमधली फट ३०-५०, आणि चालू इंजिनात ऑइलचा पापुद्रा काही जागी अवघा दोन-चार मायक्रॉन. सगळ्यात जास्त झीज करणारे कण ५ ते २० मायक्रॉनचे, डोळ्यांना न दिसणारे. पण नुसतं '२० मायक्रॉन' लिहिलेलं वाचून काही कळत नाही. त्या मापाचे किती कण अडतात हे महत्त्वाचं. आयएसओ ४५४८-१२ नावाची चाचणी असते, तिच्यात बीटा आकडा देतात. २० मायक्रॉनला बीटा २ म्हणजे आलेल्या दोन कणांतला एक निसटतो, अर्धी गाळणी. बीटा ७५ म्हणजे पंचाहत्तरांत एक निसटतो. एकाच '२० मायक्रॉन'च्या शिक्क्याखाली हे दोन्ही फिल्टर विकले जातात. चांगल्या कंपनीच्या माहितीपत्रकात बीटा असतो. नसला तर मी तो फिल्टर टर्बो गाडीला लावत नाही.

टकटकीकडे येतो. फिल्टरच्या तोंडाशी आतून एक रबराचा पडदा असतो, ऑइल परत जाऊ न देणारा. विहिरीतल्या पाइपच्या बुडाला आपण फुटव्हॉल्व्ह लावतो ना, तेच काम. फुटव्हॉल्व्ह गळका झाला की मोटर सकाळी हवा धरते आणि पाणी चढायला वेळ लागतो. तुमच्या गाडीत फिल्टर तोंड वर करून टांगलेला असल्याने डबा रिकामा होत नाही, पण वरच्या नळ्यांमधलं ऑइल पडदा कडक असला तर फिल्टरमधून, पंपामधून रात्रभर हळूहळू चेंबरात उतरतं. सकाळी टॅपेटपर्यंत ऑइल पोहोचायला ते चार-पाच सेकंद लागतात. घट्ट ऑइलने त्यात भर घातली. स्वस्त फिल्टरमध्ये हा पडदा साध्या नायट्राइल रबराचा असतो. इंजिनाच्या उष्णतेने तो दोन-तीन महिन्यांत चामड्यासारखा होतो. सिलिकॉनचा मऊ राहतो, बहुधा नारिंगी किंवा लाल रंगाचा दिसतो. भोकातून बोट घालून दाबून बघा. ज्या गाड्यांचा फिल्टर आडवा किंवा उलटा असतो, त्यांना तर सिलिकॉनशिवाय पर्यायच नाही. बरोबर फिल्टर आणि बरोबर ऑइल घातल्यावरही टकटक राहिली तर टॅपेट किंवा चेनचा टेन्शनर बघावा लागेल, पण ते नंतर.

एक गोष्ट मला कळकळीने सांगायची आहे. आपल्या भागात ऑइलमध्ये जी माती येते ती फिल्टरच्या चुकीने नाही, एअर फिल्टरच्या बाजूने येते. एअर फिल्टरच्या खोक्याची क्लिप तुटलेली, टर्बोकडे जाणाऱ्या रबरी पाइपला तडा, किंवा हौसेने लावलेला उघडा कोन फिल्टर. काळ्या मातीची धूळ इतकी बारीक असते की फडक्यावर पिठासारखी बसते. ती एकदा सिलिंडरमध्ये गेली की ऑइल फिल्टर कितीही महागाचा लावा, तो ती फक्त उशिरा पकडतो. कपाशी वेचणीच्या दिवसांत दर महिन्याला एअर फिल्टर काढून झटका, कॉम्प्रेसरने आतून बाहेर हवा मारा, बाहेरून आत कधीच नाही. आणि पाइपाला हात फिरवून बघा. आतल्या भिंतीला हाताला धूळ लागली तर कुठेतरी फट आहे.

समृद्धी महामार्गावर तुम्ही गाडी चालवता असं लिहिलं आहे. सेलूपासून चढून मे महिन्याच्या दुपारी तासभर १२० ला चालवली तर ऑइल तापतं, आणि पुन्हा पुन्हा तापलेलं ऑइल लवकर म्हातारं होतं. उतरल्यावर गाडी लगेच बंद करू नका, दोन मिनिटं नुसती चालू ठेवा, नाहीतर टर्बोतलं ऑइल तिथेच भाजतं. अशा वापरात मी ऑइल आणि फिल्टर पाच ते सात हजार किलोमीटरला बदलतो, पुस्तकात १५ हजार लिहिलेलं असलं तरी. पुढे कधी ट्रॅकवर न्यायचा विचार असेल तर पैसे मोठ्या ऑइल कूलरवर घाला, मोठ्या फिल्टरवर नाही. आणि वळणावर दिवा लागला तर ते चेंबरातलं ऑइल एका बाजूला गेल्याने होतं. त्याला चेंबरात पडदे बसवावे लागतात.

चढवताना एवढं सांभाळा. जुन्या फिल्टरसोबत त्याचं रबर निघालं का बघा. चिकटून राहिलं आणि त्यावर नवं बसलं तर दोन रबरं दाब धरत नाहीत आणि पाच मिनिटांत ऑइल बाहेर. फिल्टरसोबत स्टड फिरून आला असेल तर तो आधी नीट बसवा. नवीन फिल्टर तोंड वर असल्याने तीन-चतुर्थांश ऑइलने भरून घ्या, रबराला बोटाने ऑइल लावा, हाताने टेकवा आणि टेकल्यापासून पाऊण वळसा. पान्याने नाही. चालू करा, खाली वाकून पाहा, बंद करा, दहा मिनिटांनी लेव्हल बघा.

आणि आता लावलेला तो आखूड फिल्टर फेकू नका. पत्रा कापायचा कटर असेल तर त्याने उघडा. हॅकसॉने कापला तर करवतीचा चुरा कागदात जाऊन सगळा अंदाज चुकतो. कागदाच्या घड्या उलगडून पांढऱ्या कापडावर दाबा आणि उन्हात धरा. बारीक काळा गाळ असणारच. चुंबकाला चिकटणारा चुरा थोडा असेल तर चालतं. तांब्यासारखी किंवा चांदीसारखी चमकणारी पापुद्री दिसली तर ते बेअरिंगचं शेल आहे आणि मग गाडी चालवू नका. घड्या एकीकडे चुरगळून गोळा झालेल्या दिसल्या तर कागद दाबाखाली कोसळला होता असं समजा. फोटो काढताना शेजारी व्हर्नियरने स्टडचं मापही घ्या: १९ च्या जरा आत आलं तर पाऊण इंची, २० च्या जरा आत आलं तर कोणीतरी कूलरचा स्टडच बदललेला आहे, आणि मग वर सांगितलेला फिल्टर मागवण्याआधी मला कळवा.